गोपिकाबाईंचा निकाल

वामनराव लांजेवार बी.ए.च्या परीक्षेला एकूण किती वेळा बसले, हे त्यांना स्वतःलाही धड सांगता येत नसे. कोणी विचारलंच तर म्हणत, "मोजत कोण बसलं गा?" सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत ते कारकून होते. तिथल्या मंडळींनी त्यांचं नावच 'बी.ए. अपिअर्ड' पाडलं होतं. त्या काळी लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा लोक मुलाच्या नावापुढे असं छापत, म्हणजे पोरगा परीक्षेला बसलाय, पुढचं विचारू नका. वामनराव या थट्टेवर सगळ्यांच्या आधी हसायचे. माणूस साधा होता, पापभीरू होता, कोणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणूनच त्यांनी जे केलं ते सांगताना माझा जीव थोडा कचरतो. बदमाश माणसाबद्दल सांगणं सोपं असतं.

काटोलकडच्या खेड्यातून मॅट्रिक होऊन ते नागपुरात आले, नोकरीला लागले, आणि सहासष्ट साली त्यांचं लग्न झालं. हनुमाननगरात दोन खोल्या घेतल्या. गोपिकाबाईही मॅट्रिक होत्या, आणि त्यांना वामनरावांपेक्षा चांगले गुण होते. पण सोयरीक जमवताना मुलीचा रंग पाहतात, उंची पाहतात, गुणपत्रिका कोण मागतं? दोन वर्षांनी चारुलता झाली. संसार बरा चालला होता.

बहात्तर साली कचेरीत कळलं की वरच्या जागेसाठी आता पदवी लागणार. वामनरावांनी बाहेरून परीक्षा द्यायचं ठरवलं. त्याला तेव्हा सगळे 'प्रायव्हेट' म्हणत. पुस्तकं आली, गाइडं आली, आणि एक अडचणही आली. वामनरावांना डोळ्यांनी वाचलेलं लक्षात राहत नसे, कानांनी ऐकलेलं थोडंफार राही. मग गोपिकाबाई त्यांना वाचून दाखवू लागल्या. पहाटे पाचला चहाचं आधण ठेवायचं आणि शेगडीपाशीच बसून राज्यशास्त्राचं गाइड उघडायचं. वामनराव भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत. ऐकता ऐकता कधी घोरतही.

"झोपले का जी?" गोपिकाबाई विचारत.

"नाही, ध्यानात ठेवून राहिलो."

एके दिवशी त्यांनी पुस्तक मिटलं आणि मागच्या आठवड्यातलं अख्खं उत्तर, मुद्द्यांसकट, न अडखळता म्हणून दाखवलं. वामनराव उडालेच. म्हणाले, "तूच बस वं परीक्षेले." ती थट्टाच होती. पण गोपिकाबाई तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणाल्या, "खरंच बसू का?"

इथे वामनरावांच्या पदरात पुण्य टाकलंच पाहिजे. त्या गल्लीत दुसरा कोणी असता तर हसून सोडून दिलं असतं. हे दुसऱ्या दिवशी दुसरा फॉर्म घेऊन आले, स्वतः भरला, फोटो काढायला बायकोला सायकलवर बसवून बर्डीवरच्या बाजारातल्या स्टुडिओत नेलं. शेजाऱ्यांनी नाकं मुरडली, तेव्हाही म्हणाले, "शिकली तर काय बिघडते?" पहिला भाग दोघंही पास झाले. दुसराही झाले, वामनराव काठावर आणि गोपिकाबाई ऐसपैस. दोन वेळा दोघांचे पेढे एकदमच वाटले गेले, त्यामुळे कोण किती पास हे कोणी विचारलं नाही.

फायनल आली पंच्याहत्तरच्या एप्रिलात. नागपूरचा एप्रिल म्हणजे सकाळी नऊलाच डोक्याला दुपट्टा बांधून निघायचं. ऊन लागू नये म्हणून गोपिकाबाईंनी नवऱ्याच्या खिशात कांदा टाकला होता. केंद्राच्या दाराशी खिसे तपासणाऱ्या मास्तरांच्या हाताला तो लागला. त्यांनी कांदा उलटसुलट करून पाहिला, त्यावर काही लिहिलेलं नाही याची खात्री केली आणि परत दिला.

फॉर्म एकत्र भरलेले, म्हणून नंबर पाठोपाठचे. वामनराव चार हजार चारशे सतरा, गोपिकाबाई अठरा. इंग्रजीच्या पेपरला बाकांची रांग अशी लागली की गोपिकाबाई बरोबर त्यांच्या पुढे आल्या. वामनरावांनी प्रश्नपत्रिका तीनदा वाचली. जे ऐकलं होतं ते आलं नव्हतं आणि जे आलं होतं ते वाचून झालं त्या दिवशी बहुतेक डोळा लागला होता. ते कसंबसं ओढत होते, तेवढ्यात पुढून आवाज आला, "सर, पुरवणी." थोड्या वेळाने पुन्हा, "सर, पुरवणी." तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा वामनरावांनी आपल्या मूळ उत्तरपत्रिकेची पानं मोजली. शेवटची पाच कोरी होती. समोर बायकोची पाठ दिसत होती, मान एका बाजूला कललेली, हात सारखा चाललेला. ती आपली बायको आहे हे ते क्षणभर विसरले आणि वर्गातल्या हुशार मुलाकडे ढ मुलगा पाहतो तसे तिच्याकडे पाहत राहिले.

परतताना गोपिकाबाई सायकलच्या मागे बसून अखंड बोलत होत्या. निबंध कुठला घेतला, शेवट कसा केला, पुरवण्यांना दोरा बांधेपर्यंत घंटा कशी झाली. एवढं बोलताना वामनरावांनी त्यांना लग्नानंतर प्रथमच ऐकलं. व्हरायटी चौकात रसाच्या गाडीपाशी थांबले तेव्हा वामनराव म्हणाले, "जास्त लिहिलं की तपासणारे चिडतात म्हणते."

"असं?" गोपिकाबाई म्हणाल्या. आणि अर्धा ग्लास तसाच ठेवून सायकलपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

निकाल लागला जुलैत. पेपरात नुसते नंबर छापून येत, बारीक टायपात, रांगेने. आमच्याकडे एक समजूत होती, की निकालाआधी आपला नंबर कोणाला सांगू नये, दृष्ट लागते. वामनराव तर एवढे कडक की दोघांची प्रवेशपत्रं त्यांनी कचेरीतल्या खणात ठेवली होती. कचेरीतला पेपर घेऊन ते रेकॉर्डच्या खोलीत गेले, दार लोटलं, आणि बोट ठेवून पाहू लागले. चार हजार चारशे सोळा. त्यानंतर अठरा. त्यांनी पुन्हा पाहिलं. सोळा, अठरा. मधे कोणी नाही.

मी शपथेवर सांगतो, त्यांना पहिल्यांदा आनंदच झाला. "झाली वं गोपिका," असं ते त्या धुळीच्या खोलीत मोठ्याने म्हणाले. मग बाहेरच्या टेबलांवरची माणसं आठवली. 'बी.ए. अपिअर्ड'ची बायको बी.ए. आता हे किती वर्षं पुरणार, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात सुरू झाला. तरी संध्याकाळी ते बर्डीवर पेढ्यांच्या दुकानापाशी सायकलवरून उतरले. पाय खाली टेकवून थोडा वेळ उभे राहिले आणि आधी घरी सांगू, मग आणू, असं ठरवून पुढे निघाले. तिथेच ते पेढे घेतले असते, तर हातात पुडा घेऊन खोटं बोलता आलं नसतं.

गल्लीच्या तोंडाशी भैय्याजी शिंपी ओट्यावर पेपर पसरून बसले होते. निकालाच्या दिवशी अख्ख्या गल्लीचे नंबर त्यांच्याकडे येत आणि ते मोठ्याने निकाल वाचून दाखवत. भोवती सात-आठ माणसं होती. वामनरावांना पाहताच भैय्याजी ओरडले, "का गा वामनराव, काय झालं? का बायकोनं मारली बाजी?"

उत्तर यायच्या आधीच सगळे हसले. भैय्याजींच्या मनात काही वाईट नव्हतं. नेहमीची थट्टा ती. वामनरावांचा अशा वेळी आधी हसायचा रिवाज, पण त्या दिवशी हसू आलं नाही. तोंडातून शब्द आले ते असे, "दोघंही गेलो."

हसणं थांबलं. "अरे बाप्पा," कोणी म्हणालं. "होते, होते, पुढच्या वेळी होते," भैय्याजी म्हणाले आणि पेपराची घडी केली. आणि वामनरावांनी मान वर करून पाहिलं तर गोपिकाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

घरात गेल्यावर त्यांनी पाणी दिलं. मग विचारलं, "कायच्यात?"

"इंग्रजीत. दोघंही."

"माहा नंबर नीट पाह्यला ना जी?"

"दोनदा पाह्यला," वामनराव म्हणाले. हे तेवढं खरं होतं, आणि नवऱ्याने पाहिलं म्हटल्यावर गोपिकाबाईंनी पेपर मागितलाही नाही.

तेव्हा सांगता आलं असतं. चारुलता झोपल्यावर सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी 'चुकून पाह्यला होता' असं म्हणून सगळं सावरता आलं असतं, आणि भैय्याजींनी फार तर आठवडाभर चेष्टा केली असती. वामनराव स्वतःला म्हणाले, पोळा होऊ दे. पोळा झाला. म्हणाले, गुणपत्रिका हाती येऊ दे. ती आली, दोघांचीही कचेरीच्या पत्त्यावर. इंग्रजीत गोपिकाबाईंना अठ्ठावन्न, वामनरावांना सव्वीस. बायकोची गुणपत्रिका त्यांनी कचेरीतल्या खणात तळाशी, जुन्या परिपत्रकांच्या खाली ठेवली.

ऑक्टोबरच्या परीक्षेचे फॉर्म निघाले तेव्हा गोपिकाबाई म्हणाल्या, "एकच विषय आहे. भरू का मी?" आता हे कसं होणार? पास झालेल्या बाईचा फॉर्म विद्यापीठ परत पाठवणार, कारण लिहून. वामनराव घाईने म्हणाले, "तू राहू दे यंदा. कायले दगदग करतं? तुले काय नोकरी कराची आहे?"

ज्या माणसाने फोटोसाठी सायकलवर बसवून नेलं होतं, तोच हे बोलला. गोपिकाबाई त्याचा एकच अर्थ लावू शकत होत्या, आणि त्यांनी तो लावला. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "माह्यानं नाही होत." पहाटेचं वाचन त्यांनी सोडलं नाही. फक्त इंग्रजीचं पुस्तक आलं की ते नवऱ्याकडे सरकवून म्हणत, "हे तुमचं तुम्हीच पाहा जी, मी चुकीचं वाचीन."

वामनराव ऑक्टोबरात नापास झाले. पुढच्या एप्रिलातही झाले. आपण पास झालो की दोघांचं एकदम सांगून टाकू, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. न बसलेली बाई पास कशी होणार, हे त्यांच्या ध्यानात यायलाच वर्ष गेलं. शेवटी अठ्ठ्याहत्तर साली ते तिसऱ्या वर्गात पास झाले. भैय्याजींनी हार आणला. गोपिकाबाईंनी गल्लीभर पेढे वाटले, सगळ्या घरी स्वतः गेल्या. त्या दिवशी वामनरावांनी अगदी ठरवलं होतं. पाहुणे गेले, भांडी घासायला बसताना गोपिकाबाई समाधानाने म्हणाल्या, "एकाचं तरी झालं." तो आवाज इतका निर्मळ होता की वामनरावांची जीभ रेटेना.

पुढच्या वर्षी ओळखीतल्या यमुताई घरी आल्या. पलीकडच्या वस्तीत त्यांनी मुलींची शाळा काढली होती आणि त्यांना पदवीधर बाई हवी होती. बाहेरच्या खोलीत बसून त्या म्हणाल्या, "गोपिकाबाई, तुम्ही परीक्षा देत होत्या ना? झालं ना बी.ए.? मले घरची बाई पाहिजे, जवळची."

"नाही जी," गोपिकाबाई म्हणाल्या. "इंग्रजीत राह्यली मी. मग नाही बसली."

"अरेरे. पुन्हा बसाचं होतं."

"डोकं पाहिजे ना जी ताई त्याले."

पडद्याआड वामनराव कचेरीला निघायच्या तयारीत सदऱ्याची बटणं लावत होते. पडदा बाजूला करायचा आणि चार शब्द बोलायचे, एवढंच काम होतं. त्यांनी उरलेली बटणं लावली, मागच्या दाराने सायकल काढली आणि गेले. पुढे रिटायर झाल्यावर या गोष्टीतलं दुसरं काहीही ते मला कधीमधी सांगत. हे मात्र सांगताना त्यांना थांबावं लागे. भैय्याजींपुढे जीभ घसरली होती, तो एका क्षणाचा मामला होता. इथे तर बाई समोरून शाळा घेऊन आली होती, वेळ होता, जागा होती, आणि मी चोरासारखा मागच्या दाराने गेलो, असं ते म्हणत.

वर्षं अशी जातात की माणूस खोट्यासोबत राहायला शिकतो. गोपिकाबाईंनी तर ते खोटं स्वतःचं वर्णन म्हणूनच घेतलं. बाजारात पावती वाचायची असली की नवऱ्याकडे बोट करत, "यायले दाखवा, मले नाही समजत." चारुलता शाळेतून शब्द विचारत आली की, "बाबाले विचार, मी नापास आहे." हे त्या दुःखाने म्हणत नसत. उंची सांगावी तसं सांगत. आणि वामनरावांना प्रत्येक वेळी ते लागत असे.

सत्त्याऐंशीच्या जुलैत चारुलताचा बी.ए. पहिल्या भागाचा निकाल लागला. इंग्रजीत ती राहिली. पोरगी दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी आता नाही बसत. आपल्या घरात कोणालेच येत नाही. आई राह्यली, बाबा तीन वर्षं राह्यले, मले काय जमते?"

वामनराव गोपिकाबाईंकडे पाहत होते. वाटलं, आई आहे, समजूत घालेल. गोपिकाबाई मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "राहू दे मग. माह्यावरच गेली पोट्टी. एखादं बरं स्थळ पाहा जी आता."

त्या दिवशी वामनरावांना जेवण गेलं नाही. बायकोचं तर झालंच होतं, ते परत यायचं नव्हतं. आता तेच खोटं पोरीलाही खाऊन टाकायला निघालं होतं. दुसऱ्या दिवशी कचेरीतून ते दुपारीच परतले. चारुलता आणि गोपिकाबाई गहू निवडत बसल्या होत्या. वामनरावांनी पिवळा पडलेला कागद गव्हाच्या सुपाशेजारी ठेवला. बसले नाहीत, उभेच राहिले.

गोपिकाबाईंनी कागद उचलला. नाव वाचलं. मग एकेक विषयावर बोट ठेवत खाली आल्या. "अठ्ठावन्न?" त्या म्हणाल्या. चारुलताने कागद ओढून घेतला, पाहिला, आणि बापाकडे पाहिलं.

"तू पास होती गोपिका," वामनराव म्हणाले. "तवाच. मी एकटाच गेलो होतो."

"काहून?" गोपिकाबाईंनी विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं. रेकॉर्डची खोली, भैय्याजींचा ओटा, सगळं. सांगताना त्यांचं त्यांनाच कळलं की बारा वर्षं उराशी धरलेली गोष्ट सांगायला चार मिनिटंही लागत नाहीत.

"भैय्याजी हसले म्हणून?" गोपिकाबाई म्हणाल्या.

"हो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. वामनराव त्याची तयारी करून आले होते. पाया पडायचीही तयारी होती. गोपिकाबाईंनी कागद परत घेतला, घडी घातली, कपाटात साड्यांखाली ठेवला आणि पुन्हा गहू निवडायला बसल्या. पुढचे चार दिवस त्या जेवायला वाढत, चहा देत, हवं-नको विचारत, आणि एवढंच. चारुलताने मात्र दुसऱ्याच दिवशी बापाला न विचारता ऑक्टोबरचा फॉर्म आणला आणि आईपुढे सहीला धरला. गोपिकाबाईंनी पालक म्हणून सही केली.

पाचव्या दिवशी सकाळी त्या ठेवणीतली साडी नेसून बाहेर आल्या. "चला," म्हणाल्या. "मले युनिव्हर्सिटीत न्या. डिग्री काढाची आहे."

विद्यापीठाच्या खिडकीपुढे बरीच मोठी रांग होती. सगळी कॉलेजातली पोरं-पोरी, मधेच ही चाळिशीची बाई. तुम्ही मागे थांबा, असं काही गोपिकाबाईंनी म्हटलं नाही, पण वामनराव आपणच एक पाऊल मागे राहिले. त्यांनी वाटेत तीनदा विचारलं होतं, फॉर्म मी भरून देऊ का. गोपिकाबाईंनी तो बाकावर बसून स्वतः भरला, हळूहळू, एकेक अक्षर तपासत.

नंबर आला. खिडकीतल्या गृहस्थांनी फॉर्म पाहिला, गुणपत्रिका पाहिली, चष्मा वर करून गोपिकाबाईंकडे पाहिलं. माणूस मजेदार होता.

"पंच्याहत्तरच्या पास तुम्ही? सेकंड डिव्हिजन! आणि डिग्री न्याले आता आल्या? बारा वर्षं काय करून राहिल्या होत्या बाई?"

गोपिकाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही.

"नापास होती जी," त्या म्हणाल्या.

गृहस्थ खदखदून हसले. रांगेतली पोरंही हसली. त्यांनी हसत हसतच शिक्का मारला आणि पावती खिडकीतून सरकवली. वामनराव तिथेच उभे होते, बायकोची पिशवी हातात धरून.